सेवेचे समाधान आणि सेवेचा मोबदला

परिचर्येच्या व्यवसायाविषयी बोलताना आपल्याकडे त्याग, सेवाभाव या शब्दांची कधीच टंचाई भासत नाही. परिचारिका दिनी हारतुरे होतात, भाषणे होतात. वेतनाचा विषय निघाला की मात्र सेवेचे समाधान हाच खरा मोबदला, असे ऐकवले जाते. हे समाधान खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते कशावर उभे असते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, त्यांनीही त्यांना घास भरवला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा केलेल्या वाचकांना या एका वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही. कूस बदलणे, अंग पुसणे, चादर कोरडी ठेवणे. आणि हे तिन्ही पाळ्यांत, रोज.

त्या बदल्यात काय मिळाले? आवडीचे मासे किंवा कोंबडीचे सूप दिले की रुग्णाच्या चेहऱ्यावर हसू उमटते, असे न्यायालयासमोर आले होते. अरुणाताईंचे अन्न थांबवावे, अशी मागणी करणारी याचिका न्यायालयाने फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार परिचर्या करणाऱ्या सेवकवर्गाचा मानला. परिचारिकांना याहून मोठा सन्मान क्वचितच लाभला असेल.

या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. हल्ल्यानंतर याच परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या चांगल्या परिस्थितीसाठी संप केला होता. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणाताईंना अन्यत्र हलवण्याचा घाट घातला, तेव्हाही त्यांनीच तो हाणून पाडला. महापालिकेची कायम नोकरी, ठरलेले वेतन, निवृत्तिवेतन त्यांच्या पाठीशी होते. अकरा महिन्यांच्या करारावर येणाऱ्या परिचारिकेकडून ४२ वर्षांच्या सेवेची साखळी कशी गुंफली जाणार? मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी संप केला, तो ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध. त्याकडे केवळ पगाराचे भांडण म्हणून पाहणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

खासगी रुग्णालयांचे चित्र अधिक विदारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली. केरळने दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली. आपल्या मुली आखाती देशांत, आयर्लंडला, इंग्लंडला का जातात, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. आजच्या पोप महोदयांनी त्यांचेच नाव धारण केले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनी आपण जाणतो. पण जखमी माणसाला उतारशाळेत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने काय केले? तेथील मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना तोही देण्याचा शब्द दिला. शुश्रूषेचे काम सोपवताना त्याने त्या मालकाला समाधानावर भागवायला सांगितले नाही.

धर्मभगिनींनी विनावेतन उभारलेल्या आपल्या रुग्णालयांचा आम्हांला अभिमान आहे. मात्र व्रतस्थ भगिनीने स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य संसारी परिचारिकेवर लादता येत नाही. ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, आजाऱ्यांबरोबर त्यांची सेवा करणाऱ्यांसाठीही आपण प्रार्थना करतो. आपल्याच संस्थांतील परिचारिकांना, आयांना आणि वॉर्डबॉयना काय वेतन दिले जाते, हे त्या दिवसाआधी प्रत्येक व्यवस्थापनाने तपासावे आणि भाविकांनीही ते निःसंकोच विचारावे.