नव्याचे नऊ दिवस, पुढे काय?

वजन कमी करायचे मी आजवर चार वेळा ठरवले. पहिल्यांदा एक जानेवारीला, दुसऱ्यांदा गुढीपाडव्याला आणि तिसऱ्यांदा जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी. मुहूर्त उत्तम होते. कोठीला जाऊन चालण्याचे बूट आणले, साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला, पहाटे साडेपाचचा गजर लावला. घरातल्या सर्वांना, शेजारच्या काकूंना आणि फोनवर नागपूरच्या बहिणीलाही सांगून झाले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही खोटे नाही. दहाव्या दिवशी पाऊस आला, अकराव्या दिवशी पाहुणे आले आणि बाराव्या दिवशी साखरेचा डबा खाली आला. बूट मात्र अजून नव्यासारखे होते.

चौथ्या वेळची गोष्ट थोडी वेगळी झाली. तीच आपल्या मुखपत्राच्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बरकतपुऱ्यात राहणारी, आपल्याच शाळेत शिकलेली आणि आता आपल्याच शाळेत मुलगी असलेली एक गृहिणी आहे. पण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. पालकसभेला जमलेल्या आम्हा मंडळींकडे एक नजर टाकली तरी ते कळेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील १५ ते ४९ या वयातील सुमारे ३० टक्के स्त्रिया आणि ३२ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे दर तिघांत जवळजवळ एक.

आपल्याकडे काही जण म्हणतात, "आम्ही काही जाड नाही, थोडे पोट आहे इतकेच." खरी मेख त्या पोटातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के निघाली. दिसायला बारीक, पण आतून चरबी साठवणारा, असा आपला भारतीय देह आहे. म्हणूनच आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर सांगतात. घरात शिवणकामाची टेप असतेच. कोणालाही न सांगता मोजून पाहावे.

आता मुद्द्याकडे येते. आपण सुरुवात जोरात करतो आणि मग ढेपाळतो, ते का? आपण त्याला आळस म्हणतो आणि स्वतःला दोष देतो. मला वाटते, दोष बराचसा हिशेबाचा आहे.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, दोन किलोसुद्धा. आपण हरखून जातो. पण ते बहुतेक पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी केले की हा साठा आणि त्याच्याबरोबरचे पाणी आधी जाते. पुढे खरी चरबी उतरू लागते, ती मात्र गोगलगायीच्या चालीने. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज ३५० कॅलरी कमी केल्या, तर आठवड्याला जेमतेम ३०० ग्रॅम वजन उतरते. उलट पाणी, मीठ, पोटातले अन्न यांमुळे आपले वजन एका दिवसात सहज किलोभर वरखाली होते. म्हणजे तुम्ही आठवडाभर अगदी प्रामाणिकपणे वागलात तरी आठव्या दिवशी काटा अर्धा किलो जास्त दाखवू शकतो. त्या क्षणी माणूस म्हणतो, "काही उपयोग नाही," आणि मिरची भजी मागवतो. मी मागवली आहेत, म्हणून सांगते.

यावर उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी वजन करावे, ते वहीत लिहावे आणि महिन्याचे चार आकडे एकत्र पाहावेत. मधल्या दिवसांत काट्याकडे जाऊच नये. मी तर काटा माळ्यावर टाकला. रविवारी तो उतरवायला स्टूल लागते, तेवढाच व्यायाम.

दुसरी चूक ध्येयाची. आपण लग्नातला फोटो समोर ठेवतो. वीस किलो उतरवायचे म्हटले की दोन किलो उतरल्याचा आनंदच होत नाही. २००२ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सर्व जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. ज्यांना वजन फक्त ७ टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा असे ध्येय दिले, त्यांच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, नुसता साधा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ८० किलोच्या माणसाचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. एवढ्याने कोणी सिनेमातला नट होत नाही, पण डॉक्टरांची चिठ्ठी लांबू शकते. ज्या घरांत आजी-आजोबांपासून मधुमेह आहे, आणि आपल्यात अशी घरे किती आहेत हे सांगायला नको, त्यांना हे साडेपाच किलो फार मोलाचे आहेत.

मग कोणता आहार घ्यावा? २०१८ च्या सुमारास मराठी घरांत यावरून जवळजवळ दोन पक्ष पडले होते. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांपासून प्रेरणा घेऊन दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असा नियम गावोगावी पोहोचवला. ऋजुता दिवेकर यांनी सांगितले, आपल्या घरचे, आपल्या मातीतले अन्न खा, तूप-भाताला भिऊ नका. आमच्या घरी मी एका पक्षात आणि सासूबाई दुसऱ्या पक्षात. माझे मत असे, की वाद घालण्यात जी शक्ती जाते ती चालण्यात घालवावी. जी पद्धत तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या कामाच्या वेळांत वर्षभर चालेल तीच तुमची. मात्र मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. २०२५ पासून आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली. ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यांच्याबरोबरही ताट आणि पाय सुटत नाहीत.

खरे तर आपण हैदराबादकर या बाबतीत भाग्यवान आहोत. राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या तार्नाक्यालाच आहे. १९१८ साली कुन्नूरला एका छोट्या कामातून सुरू झालेली ही संस्था १९५८ साली आपल्या शहरात आली. तिने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील दिवसाच्या २००० कॅलरींच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि तेल-तूप मिळून फक्त २७ ग्रॅम. मी हिशेब केला. आम्ही घरात चार माणसे, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. आमच्याकडे नुसते तेलच पाच लिटर येत होते, तूप वेगळे. किराण्याच्या यादीत तेल चार लिटर लिहिले, एवढाच पहिल्या महिन्यातला माझा पराक्रम. कोणाला चवीत फरक कळला नाही.

आता उत्साहाबद्दल. उत्साह हा पाहुणा आहे. येतो तेव्हा त्याचे स्वागत करावे, पण त्याच्या भरवशावर घर चालवू नये. घर चालते ते सवयीवर. लंडन विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यात दिसले, कोणाला १८ तर कोणाला अडीचशेच्या आसपास. आणि मला धीर देणारी गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की व्रत मोडले असे समजून सगळेच सोडतो. हे व्रत नाही. इथे उद्यापनही नाही आणि प्रायश्चित्तही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचे, बस्स.

सवय जुन्या सवयीला बांधली की टिकते. मुलीची रिक्षा सुटली की मी घरात परत न येता तशीच चालायला जाते, २५ मिनिटे. पहाटे साडेपाचचा गजर मी कायमचा बंद केला.

आपल्या परंपरेतही याचे मोठे उदाहरण आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः वर्षानुवर्षे घातले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून सुरू केले. त्याला ना यंत्र लागते ना पैसा. सतरंजीएवढी जागा आणि रोजची वेळ पुरते. आपल्यातले पुष्कळ जण रथसप्तमीला सूर्यनमस्कार घालतात. ते रथसप्तमीलाच संपतात, ही आपली अडचण.

आता जे सांगायला खरे तर मी लिहायला बसले, ते सांगते. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी आरशापुढे उभी राहून रोज म्हणत असे, "किती हत्तीण झाले आहे मी!" माझी मुलगी आठवीत आहे. एक दिवस तिचा डबा जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मी रागावले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, सगळे म्हणतात ना, मी अगदी तुझ्यासारखी दिसते. मग मीही हत्तीणच होणार ना?" तिचे वजन तिच्या वयाला योग्य होते. मला काय बोलावे सुचेना. मी स्वतःला जे टोचून बोलत होते, ते सगळे तिने स्वतःसाठी जपून ठेवले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. चौथा प्रयत्न मी गाजावाजा न करता सुरू केला. वाढत्या वयाच्या मुलांना उपाशी ठेवायचे नसते. मुलाच्या वजनाची खरोखर काळजी वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. घरात बदल करायचा तो सगळ्यांच्या ताटात, एकट्या मुलाच्या ताटात नाही. आणि सर्वांत आधी जिभेवर.

या निमित्ताने विश्वस्तांना आणि शिक्षकांना तीन नम्र विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांचे वजन वर्गासमोर मोठ्याने वाचले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. दुसरी, सकाळी शाळा भरल्यावरचा अर्धा तास मैदानाची एक कड पालकांना चालण्यासाठी खुली ठेवावी. बरकतपुऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांतून वाट काढत चालणे वयस्कांना जमत नाही. तिसरी, येत्या रथसप्तमीपासून सलग ६६ दिवस शाळेत रोज बाराच सूर्यनमस्कार घालावेत, मुलांनी, शिक्षकांनी आणि ज्यांना जमेल त्या पालकांनी. मध्ये परीक्षा येतील, सुट्ट्या येतील. त्या दिवशी घरी घालावेत, राहिले तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

कोणी म्हणेल, शाळेचे काम अभ्यासाचे, पालकांची पोटे कमी करण्याचे नव्हे. मान्य आहे. पण मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. खेळाच्या तासाचे महत्त्व फळ्यावर लिहून जेवढे समजेल, त्यापेक्षा कुंपणाशेजारून धापा टाकत चालणारे आईवडील पाहून अधिक समजेल.

पाच महिन्यांत माझे वजन तीन किलो उतरले आहे. सांगण्यासारखा आकडा नाही. मधे दिवाळी झाली, दोन लग्ने झाली, एक आठवडा तापात गेला. बुटांचे तळवे मात्र आता झिजू लागले आहेत. आणि मुलीचा डबा रोज रिकामा येतो.