ऋषिऋणाची फेड

मनुष्य जन्माला येतो तोच तीन ऋणे शिरावर घेऊन, अशी वैदिक परंपरेची धारणा आहे. देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने फेडावे, अशी त्यांच्या फेडीची रीतही तैत्तिरीय संहितेने घालून दिली आहे. यातील ऋषिऋणाची व्यवस्था विशेष चिंतन करण्याजोगी आहे. गुरुदक्षिणा देऊन गुरुकुलाचा निरोप घेता येतो. ऋषींचे ऋण मात्र त्याने फिटत नाही. मिळालेले ज्ञान अभ्यासावे, जगावे आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवावे, तेव्हाच ते हलके होते. कृतज्ञतेची इतकी काटेकोर कल्पना ज्या समाजाने हजारो वर्षे जपली, त्याच समाजात आज दूरचित्रवाणीवरून बोलणाऱ्या एका शुभ्रवस्त्रधारी भगिनीविषयी असंख्य कुटुंबांच्या मनात अपार आदर दिसतो. ब्रह्माकुमारी शिवानी या त्या भगिनी. श्रोत्यांच्या या ऋणभावनेचा विचार याच परंपरेच्या प्रकाशात व्हावयास हवा.

शिवानीदीदींचा जन्म १९७२ साली पुण्यात झाला. पुणे विद्यापीठातून १९९४ साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्यानंतर पुण्यातीलच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन वर्षे अध्यापन केले. आईवडील ब्रह्माकुमारींच्या केंद्रात जाणारे. कन्या मात्र विशीत पोहोचल्यावर स्वतःच्या विचाराने तिकडे वळली. दिल्लीत संस्थेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची निर्मिती चाले, तेथे त्या प्रथम पडद्यामागे काम करीत. ज्येष्ठ भगिनींनी बोलावे आणि यांनी त्या बोलण्याच्या ध्वनिचित्रमुद्रणाची व्यवस्था पाहावी, असा क्रम होता. २००७ साली बोलण्यासाठी कोणी ज्येष्ठ उपलब्ध नसल्याने प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम त्यांच्याकडे आले. ‘अवेकनिंग विथ ब्रह्माकुमारीज’ हा कार्यक्रम २००० साली सुरू झालेल्या आस्था वाहिनीवरून घरोघरी पोहोचला आणि पडद्यामागची कार्यकर्ती देशाच्या परिचयाची झाली. व्यासपीठाचा सोस न धरता जो कामात राहतो, त्याच्याकडे व्यासपीठ आपण होऊन चालत येते, हे सामाजिक कार्याचे जुने सूत्र येथेही खरे ठरले.

या कार्यक्रमाची मांडणी साधी होती. दोन खुर्च्या, एक प्रश्न विचारणारा आणि एक उत्तर देणारी. आरंभी दूरदर्शनच्या परिचित निवेदिका कनुप्रिया प्रश्न विचारीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या लाटेत त्यांचे निधन झाले, तेव्हा या कार्यक्रमाच्या जुन्या प्रेक्षकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. पुढे ज्येष्ठ अभिनेते सुरेश ओबेरॉय यांच्यासमवेत झालेली संवादमाला तितकीच लोकप्रिय झाली. प्रश्न मोक्षाचे वा मायावादाचे नव्हते. मुलगा उलट बोलतो, वरिष्ठ अपमान करतात, शेजाऱ्याची गाडी पाहून मन अस्वस्थ होते, रात्री झोप लागत नाही, असे ते प्रश्न होते. संसारी माणूस हे प्रश्न कोणाला विचारीत नाही, कारण ते विचारण्याइतके मोठे आहेत असे त्याला वाटत नाही. आणि आयुष्य मात्र त्यांच्याच ओझ्याखाली वाकत जाते.

उत्तरांची भाषाही तशीच घरगुती होती. विचारातून भावना निर्माण होते, भावनेतून दृष्टिकोन, दृष्टिकोनातून कृती, कृतीच्या आवृत्तीतून सवय, सवयीतून स्वभाव आणि स्वभावातून प्रारब्ध, अशी साखळी त्या मांडतात. साखळीची पहिली कडी, म्हणजे विचार, ही एकच मनुष्याच्या पूर्णपणे हातात आहे, यावर त्यांचा भर असतो. अभियांत्रिकीचा संस्कार त्यांच्या बोलण्यात ठायी ठायी दिसतो. पदार्थावर पडणारे बल भागिले ते ज्यावर पडते ते क्षेत्रफळ म्हणजे ताण, हे सूत्र विज्ञानाचा विद्यार्थी जाणतो. तेच सूत्र त्या मनाला लावतात. परिस्थितीचा दाब भागिले अंतरीची शक्ती म्हणजे मनावरचा ताण. दाब कमी करणे प्रत्येक वेळी शक्य नसते. शक्ती वाढवणे शक्य असते. पहाटेचे ध्यान, दिवसभरात दर तासाला क्षणभर थांबून स्वतःच्या मनाकडे पाहणे, निजण्यापूर्वी बातम्यांचा कोलाहल टाळणे, स्वयंपाक करताना आणि जेवताना चित्त प्रसन्न ठेवणे, ही त्या शक्तीची रोजची साधना त्या सांगतात.

मराठी घराला यात अपरिचित असे काही नाही. जेवणाआधी देवाचे नाव घेण्याची शिकवण, सायंकाळी दिवेलागणीला शुभंकरोती, रागाच्या भरात अन्न रांधू नये हा आजीचा दंडक, हे सारे याच विचाराचे जुने आविष्कार होत. समर्थांनी मनाला उद्देशून श्लोक रचले, ते घराघरांत मुलांकडून पाठ करून घेतले गेले. त्यामागची दृष्टीही मनाला वळण लावण्याचीच होती. मधल्या काळात एकत्र कुटुंब विभागले, आजी गावी राहिली, नोकरदार दांपत्य शहरातील दोन खोल्यांत आले आणि दंडक सांगणारा आवाज घरातून लोपला. दूरचित्रवाणीवरील त्या शांत, धीम्या स्वराने ही रिकामी जागा भरून काढली. श्रोत्यांची कृतज्ञता इतकी उत्कट का, याचे उत्तर येथे सापडते. विसरलेले स्वतःचेच धन कोणीतरी पुन्हा हाती ठेवावे, असा तो अनुभव आहे.

ज्या संस्थेतून हा स्वर आला, तिचा इतिहासही स्मरणात ठेवण्याजोगा आहे. सिंधमधील हैदराबाद येथे दादा लेखराज कृपलानी या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याने १९३० च्या दशकात हे कार्य आरंभिले आणि त्याची सूत्रे स्त्रियांच्या हाती सोपविली. त्या काळी याला प्रखर विरोध झाला. फाळणीनंतर सिंधी समाजावर निर्वासित होण्याचा प्रसंग आला. हा समूहही कराची सोडून १९५० साली अबूच्या पहाडावर आला आणि तेथून त्याचे कार्य अनेक देशांत पसरले. दादी प्रकाशमणी २००७ पर्यंत, तर त्यांच्यानंतर दादी जानकी २०२० साली वयाच्या १०४ व्या वर्षी देह ठेवीपर्यंत या कार्याच्या प्रमुख होत्या. तत्त्वज्ञानाच्या काही मुद्द्यांवर हा पंथ आणि हिंदूंचे अन्य संप्रदाय यांच्यात भेद आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. पंथ अनेक असावेत आणि सदाचरणाचा आग्रह एक असावा, हे या भूमीला नवे नाही. शिवानीदीदींना भारत सरकारचा २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. मनःशक्तीच्या या कार्याला त्यामुळे राष्ट्रीय मान्यता मिळाली.

तथापि, कृतज्ञतेच्या या भरात तीन गोष्टींचे भान सुटता कामा नये.

पहिली गोष्ट व्यक्तिपूजेची. ऐकणे सोपे असते आणि ऐकण्याचे समाधान फसवे असते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आले आहे. पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. श्रवणानंतर मनन आणि त्यानंतर निदिध्यास, हा क्रम उपनिषदांनी आखून दिला आहे. पहाटे अर्धा तास क्षमेवरचे विवेचन ऐकावे, ते ध्वनिमुद्रण दहा परिचितांना पाठवावे आणि नऊ वाजता घरकाम करणाऱ्या बाईवर दहा मिनिटांच्या उशिरासाठी खेकसावे, असे चित्र दुर्मीळ नाही. दीदींचे छायाचित्र भिंतीवर लावणे हा भक्तीचा पुरावा होत नाही. त्या बाईला त्या सकाळी कसे वागवले गेले, तो खरा पुरावा.

दुसरी गोष्ट आजाराची. खिन्नता आणि नैराश्याचा विकार या दोन भिन्न अवस्था आहेत. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १० टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसून आले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. संतांच्या भूमीने या आकड्यापुढे मान खाली घालावी. अशा रुग्णाला ‘विचार बदल, सारे ठीक होईल’ एवढेच सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचा सल्ला देणे होय. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१७ साली शिवानीदीदींना सदिच्छादूत नेमले, या घटनेचा अर्थ त्यांच्या चाहत्यांनी नीट समजून घ्यावा. ध्यान आणि औषध यांच्यात वैर नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे श्रद्धेचा पराभव नव्हे, हाच तो अर्थ. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे.

तिसरी गोष्ट अन्यायाची. आपल्या सुखदुःखाचे उत्तरदायित्व आपल्याकडे आहे, ही शिकवण स्वतःला सांगण्यासाठी आहे. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नाही. सासरी मार खाणाऱ्या सुनेला, कामाचा मोबदला बुडवला गेलेल्या कामगाराला किंवा जातीवरून हिणवल्या गेलेल्या मुलाला ‘मन शांत ठेव’ असे सांगणारा माणूस अध्यात्म सांगत नसतो. तो आपली सोय पाहत असतो. मन शांत ठेवूनही अन्यायाविरुद्ध ठाम उभे राहता येते. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला समत्व शिकवले गेले ते धनुष्य खाली ठेवण्यासाठी नव्हे, हे गीतेच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा पीडितेच्या हाती आहे. त्याचा आधार घेताना तिच्या पाठीशी उभे राहणे हाही सत्संगच होय.

हे भान ठेवले की ऋण फेडण्याची वाट स्पष्ट दिसू लागते. शिवानीदीदींचे चाहते आज प्रामुख्याने मध्यमवर्गीय, सुशिक्षित आणि कुटुंबवत्सल आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला आपल्या इमारतीत, वस्तीत एक तरी माणूस असा ठाऊक असतो, ज्याच्याशी दिवसभरात कोणी बोलत नाही. पत्नीवियोगानंतर दार लावून बसलेले निवृत्त शिक्षक असतात. परीक्षेत अपयश आल्यापासून जेवायला ताटावर न येणारा मुलगा असतो. परदेशी गेलेल्या लेकाच्या रविवारच्या दूरध्वनीवर आठवडा काढणारी आई असते. दूरचित्रवाणी या माणसांशी बोलते, पण त्यांचे ऐकू शकत नाही. पडद्याची ती मर्यादा आहे आणि नेमके तेथेच श्रोत्याचे काम सुरू होते. जी सबुरी दीदींनी प्रश्न ऐकताना दाखवली, ती सबुरी घेऊन शेजारच्या घरी अर्धा तास बसणे, ही कृतज्ञतेची सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मीळ पद्धत आहे. सामाजिक कार्यकर्त्याला तर गृहसंपर्काचे महत्त्व वेगळे सांगायला नको. संपर्काला जाताना सांगण्यासारखे पुष्कळ असते. एखाद्या दिवशी केवळ ऐकण्यासाठी जावे.

घरातही हेच. मुलांना ध्यानाचे महत्त्व पटवून देण्यापूर्वी त्यांच्यासमोर आवाज न चढवता एक मतभेद मिटवून दाखवावा. रात्रीच्या जेवणाच्या वेळी पडदे, मग ते भिंतीवरचे असोत वा हातातले, बंद ठेवावेत. प्रेरक व्याख्यानाचाही त्याला अपवाद नको. ज्या वक्त्याने माणसे जोडण्याचे शिकवले, त्याचे व्याख्यान ऐकण्यासाठी समोरच्या माणसाला गप्प बसवणे हा त्या वक्त्याचाच अवमान ठरतो.

आभाराची पत्रे लिहिली जातात, सभागृहे भरतात, उभे राहून टाळ्या वाजतात. यात गैर काही नाही; समाज कृतज्ञ आहे याची ती सुचिन्हे आहेत. परंतु टाळीचा नाद सभागृहाच्या दाराशी संपतो. पुण्याच्या एका अभियंता कन्येने पडद्यामागचे काम निष्ठेने करता करता जे दिले, ते आता श्रोत्यांच्या स्वाधीन झाले आहे. त्यांच्या घरातील एखादे कटू भांडण थांबले, एखादा आजारी वेळेत डॉक्टरांकडे पोहोचला, एखाद्या एकाकी वृद्धाच्या दारावर थाप पडली, तर ते ऋण फिटू लागले असे समजावे. ऋषींना तरी याहून वेगळी दक्षिणा कधी हवी होती?