‘धांगडधिंगा’ म्हणजे काय?

भिंतीपलीकडून पाश्चात्य वाद्यांचा आवाज आला कीं ‘धांगडधिंगा’ हा एकच शब्द उच्चारून मोकळें व्हावयाचें, ही आमच्या सुशिक्षित समाजाची रीत जुनी आहे. पुण्याच्या उत्तर टोकावरील आमच्या विश्रांतवाडींत तिचा प्रत्यय नुकताच आला. येथील एका मंडळापुढें आम्हीं अशी सूचना मांडली कीं, महिन्यांतून एक सायंकाळ जाझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांच्या निवडक तबकड्या एकत्र बसून ऐकाव्या. उत्तर आलें कीं, मंडळाचें व्यासपीठ ‘आपल्या संगीता’साठीं आहे. उत्तर देणारे गृहस्थ सवाई गंधर्व महोत्सवास वर्षानुवर्षें हजेरी लावणारे आहेत. म्हणूनच या मताचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. ज्याचा कान तयार नाहीं त्याचा तिटकारा क्षम्य आहे. यांचा कसा क्षम्य मानावा?

प्रथम ‘आपलें’ या शब्दाकडे पाहूं. नाट्यसंगीत आपलें, याविषयीं वाद नाहीं. पण गंधर्व नाटक मंडळींतला ऑर्गन सह्याद्रीच्या रानांत उगवला होता काय? पेटीही युरोपांतलीच. तिच्यावर ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं घातलेली बंदी १९७१ मध्यें शिथिल झाली; तेवढ्या काळांत ही परकी पेटी आमच्या माजघरांतून एक दिवस तरी हलली काय?

आतां प्रत्यक्ष संगीत घेऊं. मायल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ सालची तबकडी आमच्या विशेष आवडीची आहे. तिच्यांतील ‘सो व्हॉट’ ही पहिली चीज ज्या स्वरमालिकेवर उभी आहे, तिला तिकडे डोरियन म्हणतात. वाचकांनीं ते स्वर पेटीवर वाजवून पाहावे. गांधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. म्हणजे भातखंड्यांचा काफी थाटच. एवढ्यानें ती चीज काफी राग होत नाहीं, हें आम्हांसही कळतें; पकड, न्यास, चलन यांचा तेथें पत्ता नाहीं. शिवाय मध्येंच सगळा षड्जच अर्ध्या स्वरानें वर सरकतो, जें पाहून आमचे गवई कानांवर हात ठेवतील. पण हिशेब पाहा. चार-चार मात्रांचे १६ विभाग, नंतर षड्ज सरकवून ८, आणि मूळ जागीं परतून पुन्हां ८. एकूण मात्रा १२८. त्रितालाचीं बरोबर आठ आवर्तनें! हें मोठें आवर्तन पुन्हांपुन्हां येत राहतें, आणि वादक त्याच्या आंत त्या क्षणीं सुचेल तें रचीत जातो. सगळी तबकडी त्या वर्षीं २ मार्च व २२ एप्रिल या दोन दिवसांत मुद्रित झाली. वादकांपुढें जेमतेम आराखडे होते. आमचे समीक्षक जिला उपज म्हणून गौरवितात, ती याहून निराळी काय असते?

लयीचीही हीच गोष्ट. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मधील ‘मनी’ सात मात्रांत चालतें. गिटारचा एकल भाग येतांच सातांच्या चार होतात, आणि रूपकाला सरावलेला हात मांडीवर क्षणभर अडखळतो. तो अडखळला तर समजावें कीं आपण नीट ऐकत होतों. यस या मंडळीची ‘क्लोज टु द एज’ (१९७२) एकाच रचनेला तबकडीची सबंध बाजू, अठरा मिनिटांहून अधिक, देते. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्यें निव्वळ लांबणही पुष्कळ आहे, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों. पण लांबणीचा कंटाळा बड्या ख्यालाच्या चाहत्यानें करावा, हा विनोदच!

जॉन कोल्ट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजीं मुद्रित झाली. तिच्या चौथ्या भागांत त्यांनीं स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दाशब्दाला अनुसरून सॅक्सोफोनवर वाजविली आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी विश्रांतवाडीवरूनच पुण्यास जाते. नाम मुखानें घ्यावें कीं वाद्यानें, ही अडचण येथल्या माणसास तरी पडूं नये.

तरुणांची आम्ही तरफदारी करीत नाहीं. लोलकाचें चित्र सदऱ्यावर मिरविणारे पुष्कळ. ती तबकडी अथपासून इतिपर्यंत ऐकलेले थोडे. भ्रमणध्वनीवरचा एकेक तुकडा ज्यानेंत्यानें आपल्याच कानांत खुपसावा, अशी ही नवी मैफल! पण चार तास मांडी न मोडतां ऐकण्याची विद्या ज्यांना ठाऊक आहे, ते वडील मंडळीच दार लावून बसले तर यांना बसावयास शिकवावें कोणीं?

राहिला परकेपणा. १९३५ सालीं लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आले. पुढें थोड्याच वर्षांत हें वादन गोव्याच्या मुलांनीं आत्मसात केलें. चर्चला जोडलेल्या शाळांमुळें स्वरलिपि वाचण्याची विद्या गोव्यांत होतीच. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रंपेट वाजवीत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांना त्यांनीं साहाय्य केलें, आणि १९५१ च्या ‘अलबेला’तील चाली घरोघर पोंचल्या. शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या कितीएक गाण्यांचा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा यांनीं बांधला. आमच्या वडिलांची पिढी तीं गाणीं गुणगुणत वाढली. तबकडीवर मात्र संगीतदिग्दर्शक, कवि आणि गायक यांचीं नांवें, मेळ बांधणाराचें बहुधा नाहींच. जे हात दोन पिढ्या आमच्या कानांची सेवा करीत आले, त्यांची विद्या ‘आपली’ नव्हे, असें आमचीं मंडळें ठरावानें सांगणार!

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु. रागांचे स्वर मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदांत बसविण्याचा खटाटोप त्यांनीं मुंबईंत केला. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील ज्या गाण्यावर आमच्या लग्नांतले पाहुणे अजून नाचतात, त्या गाण्यांत आलेलें नांव या गुरूंचेंच आहे. नाचणारांस तें चित्रपटांतल्या एका विनोदी पात्राचें वाटतें. गुरु २०१२ सालीं गोव्यांत वारले.