माईनकाठच्या गप्पा : घर असताना हॉस्टेल कशाला?



पफिंग्स्टनच्या जोडून आलेल्या सुट्टीत आमच्या घरी एक छोटेसे रुसव्याफुगव्याचे नाटक झाले. असले चारचौघांत सांगू नये, असे आमच्या ह्यांचे मत. पण आपल्या पत्रकातले आपल्यातच राहते, म्हणून सांगते.

माझ्या ताईचा मुलगा दीड वर्षापासून आखेनला शिकतो आहे. त्याचा फोन आला, "मावशी, आम्ही पाच जण शुक्रवारी फ्रँकफर्टला येतोय. नदीकाठच्या हॉस्टेलमध्ये जागा घेतलीय. रविवारी तुझ्याकडे येऊन जाईन."

येऊन जाईन! आमच्या एश्बोर्नच्या घरात सोफा उघडला की पलंग होतो, तळघरात दोन गाद्या गुंडाळून ठेवल्या आहेत, आणि सख्खा भाचा पाहुण्यासारखा येऊन जाणार. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"चा अर्थ आपल्या भगिनींना समजावून सांगायला नको. रात्री चिपळूणहून ताई म्हणाली, "अगं, तुझं घर असताना तो लॉजवर उतरणार? भांडलात की काय?" मग तर मला रडूच आले.

खरे सांगायचे तर राग नुसता आदरातिथ्याचा नव्हता. माझे वडील संगमेश्वरकडून मुंबईला आले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहत. एका खोलीत एकाच गावचे वीसएक बाप्ये. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी, आणि झोपायला पथारी. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. (धोबीतलावला गोव्याच्या बोटीवरच्या लोकांचे "कूड" असत, त्यातलाच हा प्रकार.) आई त्या खोलीला कोंडवाडा म्हणायची. वडील मात्र शेवटपर्यंत त्या खोलीच्या गोष्टी रंगवून सांगत. कोण भजन म्हणायचा, कोण तापात पडला तर कोणी पेज करून आणली. आम्हा मुलींना वाटायचे, त्यातून बाहेर पडलो हे देवाचे उपकार. आणि आता हा इंजिनिअर झालेला मुलगा पैसे देऊन खाटेला खाट लावून झोपायला जाणार!

असो. राग राग म्हणून किती करणार. शनिवारी संध्याकाळी थालीपिठे, लसणाची चटणी आणि लोण्याचा डबा घेऊन निघाले. एसबानने लोकालबानहोफला उतरले की चालत दहाएक मिनिटांत डॉइचहेर्नउफर येते. तिथे नदीवरच "हाउस देअर युगेंड" आहे. चारशेहून अधिक खाटा, समोर माईन, पलीकडच्या काठावर दोमचा लाल मनोरा. इतक्या वर्षांत मी या इमारतीवरून शंभरदा गेले असेन, पण दाराच्या आत पाय टाकला नव्हता.

भाचा खालीच भेटला. डबा पाहून त्याचे तीन मित्र आणि एक मैत्रीण असे काही खूश झाले की माझा अर्धा राग तिथेच उतरला. मैत्रिणीबरोबर येणारी दुसरी मुलगी आजारी पडली होती, मुलींच्या खोलीतली तिची खाट रिकामी होती. भाचा थट्टेने म्हणाला, "मावशी, तूच राहा की! तू कुठे कधी हॉस्टेलमध्ये राहिली आहेस?" मला काय वाटले कोण जाणे, मी काउंटरवर जाऊन विचारले. मुले लहान असताना आम्ही युगेंडहेरबेर्गचे फॅमिली कार्ड काढले होते. मुले मोठी होऊन निघून गेली, पण रद्द करण्याचे पत्र लिहायचे राहून गेल्यामुळे वर्गणी अजून दरवर्षी बँकेतून जाते. ते कार्ड पर्समध्ये होते. ह्यांना फोन केला, तर दोन मिनिटे पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "मी जेवू काय?"

पलंगपोस आणि अभ्रा हातात मिळतो, अंथरूण आपले आपण घालायचे, निघताना आपणच काढून द्यायचे. नाष्टा भाड्यात. खोलीत दोन मजली खाटा. भाच्याच्या मैत्रिणीने न विचारता मला खालची जागा दिली आणि एकदम कोकणकन्येच्या डब्यात बसल्यासारखे वाटले. चौघींत आणखी एक कोरियन विद्यार्थिनी होती आणि लाइपझिगच्या एक आजी, सत्तरीच्या आसपासच्या. त्यांची मुलगी इथेच बोर्नहाइमला राहते. मी न राहवून विचारले, मग तुम्ही इथे कशा? त्या हसून म्हणाल्या, मुलीकडे राहिले की दुसऱ्या दिवशी मी तिची कपाटे लावायला घेते आणि तिसऱ्या दिवशी आमचे भांडण होते. इथे झोपते, सकाळी छान तयार होऊन तिच्याकडे जाते, दोघी खूश.

हे मी ताईला अजून सांगितलेले नाही.

रात्री खाली बसून थालीपिठे संपवली. कोरियन मुलीने चटणी नुसतीच खाल्ली आणि आणखी मागितली. लाइपझिगच्या आजींनी ही हॉस्टेले निघाली कशी ते सांगितले. मला तर काहीच ठाऊक नव्हते. रिशार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर होते, वेस्टफालियातल्या आल्टेना गावी. १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळाने गाठले, तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढावी लागली. झोप कुठली! जागे राहून त्यांच्या मनात आले, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे मुलांची सोय का होऊ नये? पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे हॉस्टेल निघाले आणि ती कल्पना जगभर गेली. हे मास्तर शेवटी आपल्याजवळच, टाउनसमधल्या ग्रेफेनवीसबाखला राहिले आणि १९६१ साली तिथेच वारले. आपल्या मंडळाच्या टाउनस सहली इतक्या झाल्या, पण नाव कोणी काढले नाही. पंढरीच्या वाटेवर शाळेच्या पडवीत पथारी पसरणाऱ्या वारकऱ्यांना मात्र या मास्तरांचे काही नवल वाटले नसते.

झोप लागली का? थोडी. कोणीतरी घोरत होते. सकाळी कळले की ती मीच.

पहाटे सहाला भाच्याने उठवले आणि आम्ही दोघेच आल्टे ब्रुकेवरून पलीकडे गेलो. दोम आणि रोमरच्या मधल्या गल्ल्यांत त्या वेळी चिटपाखरू नव्हते. तो फोनमध्ये वाचून मला सांगत होता. मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हे सगळे जळाले, आणि आताची पस्तीस घरे २०१८ मध्ये पुरी झाली, त्यातली पंधरा जुन्यासारखी हुबेहूब. म्हणजे हे "जुने गाव" माझ्या भाच्यापेक्षा लहान! मग माझी पाळी आली. मी १९९९ मध्ये आले तेव्हा इथे काँक्रीटचे करडे टेक्निशेस राटहाउस उभे होते, १९७४ चे. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या आडोशाला वारा चुकवत मी उभी राहत असे, कारण घरी एकटीने बसवत नसे. हे मी ह्यांनाही कधी सांगितले नव्हते. भाच्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, अजून सांग."

"गोल्डेने वागे" या घरापाशी उभे राहून बराच वेळ बोललो. मूळ घर १६१९ च्या सुमाराचे, नेदरलँड्सकडून धर्मछळामुळे आलेल्या एका मसाल्याच्या आणि मिठाईच्या व्यापाऱ्याने बांधलेले. भाचा म्हणाला, तुझ्यासारखाच की, मसाले घेऊन आलेला.

ज्यांच्याकडे भारतातून पाहुणे येतात त्यांच्यासाठी दोन शब्द. सभासदत्व लागते, कुटुंबाचे एकच कार्ड चालते. मेसेच्या दिवसांत, विशेषतः ऑक्टोबरच्या पुस्तक मेळ्यात, जागा मिळणे कठीण, तेव्हा आधी ठरवावे. कुलूप आपले न्यावे, आणि हलकी झोप असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे. वडीलधाऱ्यांना मात्र वरच्या खाटेवर चढवू नये. पाठदुखी असेल तर आमचा सोफाच बरा.

रविवारी "येऊन जाईन" म्हणणारा भाचा चौघांना घेऊन आला, शिवाय ती कोरियन मुलगी. लाइपझिगच्या आजी आल्या नाहीत, त्यांना लेकीकडे जेवायचे होते. मी सहा जणांचा भात लावला होता, जेवायला आठ. पुन्हा कुकर चढवला. ताईचा फोन नेमका तेव्हाच आला, आणि मागचा गोंगाट ऐकून ती म्हणाली, "आला वाटतं राहायला?" मी म्हटले, "हो, आलाय."