खिडक्या तीन, माणसं सहा

दिवाळीत धुळ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. म्हणजे २०२४ ची. लिहू लिहू म्हणता इतके दिवस गेले. आज शनिवार आहे, बिल्ड हिरवा आहे आणि बायको-मुलगी वाढदिवसाला गेल्यात, तेव्हा आता कारण उरलेलं नाही.

त्या वर्षी आम्ही सहा जण जळगावहून विमानाने गोव्याला गेलो. आई, नाना, फुई (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात), बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी. धुळ्याला गोंदूरला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमानासाठी आम्हाला पारोळा-एरंडोल करत जळगावच गाठावं लागतं. जळगावच्या विमानतळाचीही एक कहाणीच आहे. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१२ साली उद्घाटन झालं आणि मग बरीच वर्षं तिथे नेमाने येणारं प्रवासी विमानच नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान आलं, ते पुढे बंद पडलं. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचं आलं, तेही गेलं. २०२४ मध्ये फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे अशी विमानं सुरू केली आणि नाना म्हणाले, "पुन्हा बंद पडायच्या आत जाऊन येऊ."

जाता जाता एक गंमत. २०१७ चं ते पहिलं विमान होतं बीचक्राफ्ट १९००डी. एकोणीस आसनी, मधे वाट आणि दोन्हीकडे एकेक सीट. म्हणजे प्रत्येकाला खिडकीही आणि वाटही! ते विमान टिकलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. आमच्या वाट्याला आलं एटीआर. त्यात दोन-दोनच्या जोड्या असतात. मधली सीट नावाचा जाच नाही, पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं, पण जोडीतली एक सीट खिडकीची आणि एक वाटेकडची. आम्ही सहा. खिडक्या तीन. सहापैकी तिघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते.

आता घरात सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की साध्या प्रश्नाचं जे होतं तेच झालं. मी लॅपटॉप उघडला.

न्याय्य वाटणीचं गणित हा माझा जुना छंद. दोघांत वाटायचं तर एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, ही युक्ती आपल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावी लागली नाही. तिघांपासून पुढे भानगडी सुरू होतात. पोलंडच्या श्टाइनहाउसने १९४० च्या दशकात हा प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला, बानाख आणि क्नास्टर यांनी कितीही जणांसाठी चालेल अशी रीत काढली, आणि नंतरच्यांनी आणखी कडक अट घातली की वाटणी अशी हवी की कोणालाही दुसऱ्याचा वाटा आपल्यापेक्षा बरा वाटू नये. मत्सरमुक्त वाटणी. फारच सुंदर कल्पना आहे. पण खिडकी केकसारखी कापता येत नाही, म्हणून मी सोपा मार्ग धरला. प्रत्येकाला शंभर गुण. खिडकी आणि वाट यांत हवे तसे वाटा. खिडकीला सर्वाधिक गुण देणाऱ्या तिघांना खिडकी.

लेकीने शंभरच्या शंभर खिडकीला दिले (आणि दोनशे देता येतील का विचारलं). नाना ७०. मी ६०. बायकोला वाटेचीच सीट आवडते, तिने २० दिले. आई म्हणाली, "मला कुठेही चालेल." फुई म्हणाली, "मले काय, कोठेबी चाली." मी दोघींच्या खान्यात ५० टाकले.

निकाल: खिडक्या लेकीला, नानांना आणि मला.

आकडे तपासून बघा. वाटणी शंभर टक्के मत्सरमुक्त आहे. बायकोला वाट हवी होती, मिळाली. आई आणि फुईला दोन्ही सारखंच, म्हणजे त्यांचीही तक्रार नाही. मी मोठ्या अभिमानाने स्क्रीन फिरवून बायकोला दाखवली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान. ज्यांनी मागितलं त्यांना मिळालं." आणि चकल्या तळायला निघून गेली.

मला ते टोचलं, पण कळलं नाही. कळलं दोन दिवसांनी, एसटीत.

चुलतबहिणीकडे फराळ पोचवायला मी आणि फुई जळगावला निघालो. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली न लागली तोच अडुसष्ट वर्षांच्या माझ्या फुईने हातातली पिशवी खिडकीतून आत टाकली. नेम असा की पिशवी बरोबर खिडकीच्याच सीटवर. मग गर्दीतून वाट काढत ती चढली, पिशवी उचलली, बसली आणि काच सरकवून मोकळी झाली. मी आपला शेजारी. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हापासून फुई सारखी कुठे ना कुठे जात असते हे ऐकून होतो. पण हे कौशल्य पाहिलं नव्हतं. पारोळ्यापर्यंत ती बोलली नाही, नुसती बाहेर बघत होती. कोणाच्या शेतात कापूस वेचायचा राहिलाय, कोणी विहीर बांधलीय. एरंडोल आलं तसे पद्मालयाच्या दिशेने हात जोडले.

मी विचारलं, "फुई, तुला खिडकी लागते?"

"मंग? खिडकी नही ते एसटीमा बसानं कसाले?"

"मग विमानाचं विचारलं तेव्हा कुठेही चालेल का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "आठे कोन इचारस? मी बसी जास." इथे कोण विचारतं? मी बसून जाते.

यापुढे जळगावपर्यंत मी गप्प होतो.

डेटाबेसवाल्यांना पहिल्या महिन्यात एक धडा शिकवतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे माहिती नाही. रिकाम्या खान्यात आपल्या सोयीचा आकडा भरलात तर पुढचं सगळं गणित बिनचूक होईल आणि उत्तर खोटं येईल. ऑफिसात हे मी नव्या पोरांना तावातावाने सांगतो. आणि घरी, "कुठेही चालेल" या नलच्या जागी मीच ५० भरले होते. का? तर त्या ५० मुळे मला खिडकी मिळत होती. हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं असं म्हणायला आवडेल, पण पूर्ण खरं नाही.

तुम्ही म्हणाल, अरे पण विचारलं होतं ना त्यांना? हो. सगळ्यांसमोर, नातीचे डोळे चमकत असताना, "तुम्हाला काय हवंय" असं विचारलं होतं. आपल्या घरांत त्या प्रश्नाला बाईने द्यायचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तो प्रश्नच नसतो, ती रीत असते. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणावं तशी. त्यामुळे माझं मत असं झालंय की वाटणीच्या पद्धतीत आवड "विचारणं" हीच चूक आहे. माणसाला मागावं लागू नये. त्याची पाळी यावी आणि त्याने उचलावं.

आपल्या रेल्वेला हे आपल्यापेक्षा बरं कळतं. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. मधल्या बर्थवाल्याने रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्यातच बर्थ उघडायचा, हा नियम आहे. तिथे "काका, जरा उठता का" या वाक्यावर कोणाची झोप अवलंबून नाही. विमानातही एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्या. पोरांच्या वतीने बोलायला सरकार आहे. फुईच्या वतीने कोण?

घरी येऊन मी शीट पुसली. नवा नियम काढला. ज्यांचा पहिला प्रवास त्यांच्या चिठ्ठ्या आधी. पाळी आली की स्क्रीनवरच्या सीटवर बोट ठेवायचं. "चालेल" म्हणायची परवानगी नाही, पाळी दुसऱ्याला द्यायची नाही. कोणाला सीट द्यायचीच असेल तर विमान वर गेल्यावर द्या.

नाना चिडले. "घरात निवडणूक लावलीस का? आणि मला सांगितलं असतं तर मी दिली नसती का माझ्या बहिणीला खिडकी?"

दिली असती. याबद्दल मला तिळभर शंका नाही. नाना दर दिवाळीला फुईला साडी घेतात, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाभर दवाखान्यात झोपले होते. माझा बाप वाईट माणूस नाही, हे इथे मुद्दाम लिहितोय कारण पुढचा परिच्छेद वाचून तसं वाटेल.

आजोबा गेले १९८७ साली. शिंदखेड्याकडे सात एकर होतं. १९५६ च्या कायद्याने आजोबांच्या हिश्श्यात फुईचाही वाटा होता. तिने हक्कसोडपत्रावर सही केली आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी झालं. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. फुई सही करताना काय म्हणाली, तेही सांगतात. "मले काय करनं शे?" मला काय करायचंय. लहानपणापासून ऐकत आलोय, आणि प्रत्येक वेळी ती किती मोठ्या मनाची असंच वाटलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीला आणलं. पण हक्कसोडपत्रं आजही होतात, राखी-भाऊबीज सांभाळून होतात, आणि त्यांतल्या पुष्कळ सह्यांच्या मागे असंच एक वाक्य असतं. तिथेही कोणीतरी रिकाम्या खान्यात सोयीचा आकडा भरलेला असतो. माझं इंजिनिअरिंग त्या सात एकरांवर झालं.

गंमत म्हणजे थोरल्याला जास्त वाटा देण्याची जुनी रीतही याच देशात मोडली. बाराव्या शतकाच्या आसपास मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने म्हणून ठेवलंय की असा विषम वाटा शास्त्रात असला तरी लोकांना त्याची चीड आहे, म्हणून तो देऊ नये. भावाभावांतल्या अन्यायाची चीड लोकांना आली, कारण भाऊ बोलत होते, भांडत होते, डोकी फोडत होते. असो.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिली फुईची. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीवर बोट ठेवलं. दुसरी आईची. मी मनातल्या मनात तिला दुसरी खिडकी देऊनही टाकली होती. आईने वाटेकडची सीट धरली. म्हणाली, "गुडघा वाकवून किती वेळ बसू? मला मधे पाय लांब करता येतात." म्हणजे तिच्या खान्यातला माझा ५० तर दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. तिला खिडकी नकोच होती, वाट पक्की हवी होती! तिसरे नाना, खिडकी. मग लेक (दोनदाच विमानात बसलेली), तिसरी खिडकी. बायको, वाट. उरलेली मला.

इतका खटाटोप करून शीटच्या निकालात फरक किती पडला? एकाच सीटचा. माझ्या जागी फुई.

बायको म्हणाली, "यासाठी आठवडा घातलास?" मी म्हटलं हो.

कोणी म्हणेल, पैसे ज्याने भरले त्याने ठरवावं. पैसे मी भरले होते, आणि मला हा मुद्दा अजिबात पटत नाही. घरातल्या सहलीचं तिकीट म्हणजे शेअर नव्हे. गरजेचा मुद्दा मात्र खरा आहे. गुडघा, उलटी, वारंवार बाथरूम, यांची पाळी चिठ्ठीच्या आधी. पण ते सुद्धा ज्याचं त्याने सांगावं. "आईला वाटेचीच बरी" हे मी ठरवून टाकलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं आणि पद्धत तीच जुनी.

विमानात चढलो. एटीआरला मागच्या दाराने चढतात, तेव्हा फुईने सवयीने आधी बाहेरून खिडक्या मोजल्या. पिशवी टाकायची सोय नव्हती. :) उडाल्यावर पाच मिनिटांत लेक मागून डोकावली, "फुईआजी, तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?" फुई म्हणाली, "तुन्या खिडकीतून दिसस तेच," आणि मान फिरवली नाही. पुढच्या ओळीत नाना वीसेक मिनिटांत झोपले, तोंड उघडं टाकून, खिडकी तशीच वाया. मी शेजारीच होतो. त्यांच्यावरून वाकून बघता आलं असतं, पण ती सीट त्यांची होती.

परतीला मी विषयच काढला नव्हता. मोपाला निघायच्या आदल्या रात्री नानांनीच हॉटेलवाल्याकडून वाडगा मागवला आणि चिठ्ठ्या केल्या. आता सगळे उडालेले, म्हणून सहाही एकदम. पहिली फुईची, दुसरी माझी, तिसरी लेकीची. नानांची चौथी. जळगाव येईपर्यंत ते फुईच्या खांद्यावरून बाहेर बघत होते, आणि फुई त्यांना खाली कोणतं धरण असेल ते सांगत होती, बहुतेक चुकीचं.