डिप्लोमाचा कॅल्क्युलेटर उशिरा आणू नका

दहावीचा निकाल लागला की सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्ती आणि मड्डी वस्तीच्या गल्ल्यांत एकच चौकशी सुरू होते: पोरगं अकरावीला घालायचं, आयटीआयला की डिप्लोमाला? डिप्लोमा ठरला की फी, बसचा पास, ड्रॉइंगचं सामान अशी यादी होते. त्या यादीच्या शेपटाला 'सायंटिफिक कॅल्क्युलेटर' असतो, आणि पुष्कळ घरांत तो पहिल्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी येतो. माझं सांगणं एवढंच आहे की त्याला यादीत वर घ्या. प्रवेशाची पावती हातात पडली त्याच आठवड्यात आणा, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत पोराला किंवा पोरीला तो घरच्या हिशेबांवर शिकू द्या.

कारण साधं आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या पेपरवर कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी नाही असं छापलेलं असतं. बारावी सायन्सलाही तीच गत. तिथं लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या पेपरवर मात्र लिहिलेलं असतं की प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर वापरता येईल. पहिल्याच सत्रात 'बेसिक मॅथेमॅटिक्स' नावाचा विषय येतो, त्यात लॉगरिदम, त्रिकोणमिती, सांख्यिकी. म्हणजे काल ज्याला हात लावायला बंदी होती ते यंत्र आज येतंच असं गृहीत धरलेलं. मधे फक्त एक सुट्टी. मास्तरांना वाटतं, एवढं तर येत असेल. पोरांना वाटतं, एवढं विचारलं तर हसतील. दोघंही गप्प बसतात आणि मार्क जातात.

घरात म्हणाल, "आमच्या दुकानात कॅल्क्युलेटर आहेच की!" तो वेगळा. ८५ रुपयांचे १२ टॉवेल आणि ३४० रुपयांच्या ७ चादरी, असं बिल घ्या. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर १२ × ८५ + ७ × ३४० असं एका दमात दाबलं तर तो हाताला येईल तसं करत जातो: १०२० मध्ये ७ मिळवतो आणि त्या सगळ्याला ३४० नं गुणतो. बिल होतं ३,४९,१८०. सायंटिफिकवर हेच दाबलं की तो आधी दोन्ही गुणाकार करतो, मग बेरीज, आणि ३४०० दाखवतो. दुकानदाराला हे ठाऊक असतं म्हणून तो एम-प्लसचं बटण वापरतो. तेव्हा दुकानात बसलेल्या पोरानं "मला येतं" म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या बोटांना लागलेली सवय इथं बदलावी लागते.

उलटही फसगत आहे. तीन चाचण्यांचे गुण ४५, ५२, ३८. सरासरी काढायची म्हणून ४५ + ५२ + ३८ ÷ ३ दाबलं, तर सायंटिफिक फक्त ३८ ला भागतो आणि १०९.६७ सांगतो. कंस लावा, (४५ + ५२ + ३८) ÷ ३, मग ४५ येतात. कागदावर भागाकाराची आडवी रेघ असते, तिच्या वरचं सगळं आपोआप एकत्र धरलं जातं. यंत्राला ती रेघ दिसत नाही, ती कंसानं दाखवावी लागते. गुणाकाराचं चिन्हही गाळू नका. २(१+२) असं चिन्ह न देता मोठ्या उदाहरणात घातलं, तर वेगवेगळी मॉडेल वेगवेगळं उत्तर देतात. आणि उणे तीनचा वर्ग हवा असेल तर उणे तीन कंसात घाला, नाहीतर नऊऐवजी उणे नऊ येतील.

आता खरी गोष्ट. या पेठेत आणि आसपास टॉवेल-चादरीच्या धंद्याशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. तेव्हा सराव पुस्तकातल्या उदाहरणांवर कशाला? समजा, ३० इंच बाय ६० इंचाचा टॉवेल आहे, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. एका नगाचं वजन किती? इंचाचे मीटर करायला ०.०२५४ नं गुणायचं. पण बटणाला हात लावायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ३० इंच म्हणजे पाऊण मीटरच्या जवळपास, ६० इंच म्हणजे दीड मीटर. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी घोकलेल्या आजोबांना पाऊण दिडके किती हे कागदाशिवाय सांगता येतं: एक आणि वर एक अष्टमांश. चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे अर्धा किलो आणि वर त्याचा आठवा भाग, ५६० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहा. मग दाबा: ३० × ०.०२५४ × ६० × ०.०२५४ × ५००. उत्तर ५८०.६४४. अंदाजाच्या शेजारीच आहे, पुढं जा.

बहुतेकांची चूक एकच होते, दुसरा ०.०२५४ राहतो. मग पडद्यावर २२८६० येतं. ज्यानं अंदाज लिहिलेला नाही तो हाच आकडा खाली उतरवतो आणि वर 'ग्रॅम' लिहितो. बावीस किलो आठशे साठ ग्रॅमचा टॉवेल! उद्या तोच पोरगा कुठल्या कारखान्यात सुताची ऑर्डर काढायला बसला तर? आजोबांची दिडकी आणि नातवाचा कॅल्क्युलेटर यांत भांडण लावू नका. दोघांनी एकाच टेबलावर बसायचंय.

त्रिकोणमितीत घात होतो तो मोडमुळे. पडद्यावर वर बारीक अक्षर असतं: डी, आर किंवा जी. डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेडियन. साइन ३० दाबा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९८८ आलं तर यंत्र रेडियनमध्ये आहे, ०.४५४ आलं तर ग्रेडियनमध्ये. पेपर सुरू झाला की पहिलं काम हेच. मित्रानं मागून घेतलेला कॅल्क्युलेटर परत आला की पुन्हा हेच. सोलापुरी भाषेत एकमेकांना विचारा, "का बे, मोड बघितला का?" नेहमी दिसणाऱ्या कॅसिओ एफएक्स-८२ एमएसवर मोडचं बटण दोनदा दाबून १ दाबलं की अंश लागतात. सगळंच बिघडलं असं वाटलं तर शिफ्ट, मोड, ३ आणि बरोबरचं चिन्ह. यंत्र पहिल्यासारखं होतं. दुसरं मॉडेल असेल तर बटणं वेगळी असतात, सोबत आलेला कागद फेकू नका.

लॉगच्या बाबतीत बारावी करून आलेल्यांनी जरा थांबून बघावं, कारण त्यांना आधीचं येतं तेच आडवं येतं. ०.५ चा लॉग टेबलात बघितला तर आपण एकवर आडवी रेघ देऊन पुढं .६९९० लिहितो. कॅल्क्युलेटर दाखवतो उणे ०.३०१०. यंत्र चुकलेलं नाही. रेघेचा अर्थ फक्त एक उणे आहे, पुढचे .६९९० अधिकच आहेत; दोन्ही एकत्र केले की उणे ०.३०१० च होतात. शिवाय 'लॉग' आणि 'एलएन' ही बटणं शेजारीशेजारी असतात. २ चा लॉग ०.३०१०, एलएन ०.६९३१. पहिल्याचा पाया १०, दुसऱ्याचा ई. नेपियरनं १६१४ साली लॉगची कोष्टकं छापली ती हातानं होणारी गुणाकार-भागाकाराची मेहनत वाचवायला. १९७२ साली ३५ बटणांचा एचपी-३५ खिशात मावणारा आला, ३९५ डॉलरला, आणि ती कोष्टकं कपाटात जायला लागली. आपल्याकडं बारावीच्या हॉलमध्ये ती अजून आहेत. मला विचाराल तर त्यात काही वाईट नाही, पण मुलांना एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये नेताना मधे कुणीतरी चार गोष्टी सांगायला हव्यात.

पडद्याची उजवी कडाही वाचायला शिका. १ ÷ २०० केलं तर ८२ एमएस बहुधा ५ दाखवतो आणि कडेला बारीक उणे ०३. म्हणजे ०.००५. घाईत ५ लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. उलट, मोठा आकडा घालताना ईएक्सपी बटणातच 'गुणिले दहाचा घात' असतो. ५ हजार म्हणजे ५, ईएक्सपी, ३. मधे पुन्हा १० दाबलंत तर ५० हजार होतात.

सांख्यिकीसाठी एसडी मोड आहे, आणि इथं यंत्र खरोखर घाम वाचवतं. पाच टॉवेलांची वजनं ५७६, ५७८, ५८०, ५८२, ५८४ ग्रॅम. एकेक आकडा घालून एम-प्लस. सरासरी ५८०. प्रमाण विचलनाला दोन पर्याय दिसतात: सिग्मा एन दिला की २.८२८, एन वजा एक दिला की ३.१६२. पुस्तकातल्या सूत्रात भाजक एन असेल तर पहिलाच घ्या. आणि नवे आकडे घालण्याआधी जुने पुसा, नाहीतर कालचे टॉवेल आजच्या उत्तरात येऊन बसतात.

खरेदीचं थोडक्यात. पहिल्या वर्षापुरतं एफएक्स-८२ एमएस भागतं, काही शे रुपयांत येतं. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश असेल तर पुढं संमिश्र संख्या येतात. मग एकदाच ९९१ च्या मालिकेतला घ्या, महाग पडला तरी दोनदा खर्च नको. प्रोग्रॅम करता येणारा घेऊ नका, परीक्षेत चालणार नाही. मोबाइल आडवा धरला की सायंटिफिक बटणं येतात, पण मोबाइल परीक्षेच्या हॉलमध्ये नेता येत नाही. बोटांना जी बटणं परीक्षेत लागणार, सराव त्याच बटणांवर झाला पाहिजे.

ज्यांना एवढेही पैसे त्या महिन्यात जड आहेत, अशी घरं आपल्या पेठेत आहेत. हजारी दरानं विड्या वळणाऱ्या आईला जूनमध्ये किती खर्च एकदम येतात, हे कुणी सांगायला नको. म्हणून पेठेतल्या मंडळांना विनंती. दरवर्षी तुम्ही वह्या वाटता, छान. यंदा त्यात एक डबा वाढवा. ज्यांचा डिप्लोमा संपला, ज्यांची नोकरी लागली, त्यांच्या ड्रॉवरमध्ये चालू कॅल्क्युलेटर पडून आहेत. ते मागून घ्या. नवा सेल घाला, साइन ३० दाबून ०.५ येतं का बघा, मागं पट्टी चिकटवून मंडळाचं नाव लिहा, वहीत नोंद करा आणि सत्र संपेपर्यंत द्या. देताना शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोरीला किंवा पोराला दोन संध्याकाळ मंडळाच्या खोलीत बसवा, टॉवेलचं वजन नवीन मुलांकडून काढून घ्यायला. डबा गणपतीपर्यंत थांबवू नका, तोवर पहिली चाचणी होऊन जाते.