विश्लेषण : ट्रकचालकाची नोकरी जुन्या मालकाच्या फोनवर का अडते?

वाडी किंवा कापसीत ट्रान्सपोर्टरकडे काम मागायला गेलेल्या चालकाला लायसन्सनंतरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘याआधी कोणाची गाडी चालवायचा? नंबर दे.’ मग दोन मिनिटांच्या फोनवर नोकरी ठरते. अशी चौकशी करण्यात गैर काही नाही. मात्र ती तोंडी आणि चालकाच्या पाठीमागे होते, हे गैर आहे.

चौकशीची गरज काय?

श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ५३ नागपुरात एकमेकांना मिळतात. येथून निघालेली गाडी कित्येक दिवस मालकाच्या नजरेआड असते. ट्रक, माल, डिझेलचे पैसे असे सारे एकाच माणसाच्या हाती असते. लायसन्स खरे आहे का, कोणत्या वाहनाचे आहे, मुदत कधी संपते, हे सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर कळते. पण चालकाने गाडी वाटेत सोडून दिली होती का, हिशेब चोख होता का, हे जुना मालकच सांगू शकतो.

कायदा काय म्हणतो?

अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहिला, तर चालक नेमताना मालकाने वाजवी काळजी घेतली होती का, हे पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००३च्या लेहरू आणि २००४च्या स्वर्णसिंग प्रकरणांत हीच दिशा दिली. लायसन्स पाहणे आणि गाडी चालवून घेणे, ही त्यातली मुख्य काळजी आहे. जुन्या मालकाचे मत ही त्यापुढची पायरी झाली.

मग अडचण कुठे?

चालकाने थकीत भत्ता मागितला, ओव्हरलोड गाडी नेण्यास नकार दिला किंवा ऐन हंगामात काम सोडले, तर मालक नाराज असतो. फोनवर तो ‘माणूस बरोबर नाही’ एवढेच म्हणतो. कारण विचारले जात नाही. आपल्याबद्दल काय सांगितले, हे चालकाला कळत नाही आणि उत्तर देण्याची संधीही मिळत नाही. उलटही घडू शकते. डिझेलचा हिशेब न देणारा चालक एकदाचा जावा म्हणून त्याची तारीफ केली जाते. म्हणजे हा फोन नव्या मालकाच्याही भरवशाचा नाही.

इतरत्र काय होते?

अमेरिकेत ट्रकचालक नेमताना मागील तीन वर्षांच्या मालकांकडे चौकशी करणे बंधनकारक आहे. विचारायचे काय, तेही ठरलेले आहे : नोकरीचा काळ आणि अपघात. जुन्या मालकाने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. ही माहिती पाहण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि आपले म्हणणे जोडण्याचा हक्क चालकाला असतो.

आपल्याकडे काय करता येईल?

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नेमणूकपत्र देणे भाग आहे. दोन-तीन ट्रकचा मालक त्यातून सुटतो. नोकरी सुरू होताना कागद मिळाला, तर ती संपतानाही मिळायला हवा. नागपुरातील ट्रान्सपोर्ट संघटनांनी एका पानाचा नमुना ठरवावा. काम कधीपासून कधीपर्यंत केले, कोणती गाडी चालवली, अपघात झाला का, हिशेब पूर्ण झाला का, एवढेच त्यात असावे. ‘चांगला’, ‘वाईट’ असे शेरे नकोत. त्याची एक प्रत चालकाकडे राहावी.

‘वाईट लिहून भांडण कोण ओढवून घेणार?’ असे मालक विचारतील. घडलेली गोष्ट तारखेसह लिहिली तर भांडणाला जागा कमी उरते. जे कागदावर लिहिण्याची तयारी नाही, ते फोनवरही सांगू नये.

तोवर चालकांनी नेमणूकपत्र, पगार-भत्त्याच्या बँक नोंदी आणि पीएफ असल्यास सेवेची नोंद जपून ठेवावी. ट्रकचालकाची कमाई रोज हलणाऱ्या चाकावर असते. न ऐकलेल्या आरोपामुळे ती थांबू नये.